पंखा बंद करणारी ओळ

मारेगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, माझ्या हातून जी चूक झाली, ती मी बारा वर्षं दुसऱ्या माणसाच्या नावावर ठेवली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे धंद्यातल्या एक-दोन गमतीही येतील, त्या वाचून कुणी माझ्याबद्दल चांगलं मत करून घेऊ नये.

यवतमाळात मी तीस वर्षं प्रोग्रॅम लिहिले. लोखंडी सामानाच्या एका दुकानावर दोन खोल्या, ते आमचं ऑफिस. पुण्यात हेच काम करणारे लोक काचेच्या इमारतींत बसतात म्हणे. आमच्याकडे दिवसभर खालून सळ्या उतरवल्याचा आवाज यायचा आणि फोनवर ओरडून बोलावं लागायचं. गिऱ्हाईक म्हणजे जिनिंगवाले, डाळमिलवाले, दोन-तीन दवाखाने. गाडी काट्यावर चढली की वजन आपोआप कॉम्प्युटरात जावं, कापसातली ओल मोजून पडद्यावर दिसावी, मशीन तापलं की घंटा वाजावी, असली कामं. त्यात नाव होत नाही, पण बंद पडलं की दहा मिनिटांत सगळ्यांना आपलं नाव आठवतं.

माझ्यासोबत सलीमभाई होते. आर्णीचे. त्यांच्या वडिलांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपांत तांब्याची तार भरत ते मोठे झाले, आयटीआय केलं आणि माझ्याकडे आले ते काट्यांच्या वायरी जोडायला. दोन वर्षांत प्रोग्रॅम लिहायला लागले. वयानं माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण मी त्यांना सलीमभाईच म्हणायचो आणि ते मला सर. कॉम्प्युटरच्या आतलं माझ्याकडे आणि यंत्राला चिकटलेलं त्यांच्याकडे, अशी आमची वाटणी होती.

आता थोडं धंद्याविषयी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम. पण त्यात माणसांसाठीही काही ओळी लिहायची सोय असते. ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा मारल्या, की त्या ओळीत पुढे जे काही असेल ते यंत्र वाचत नाही, सोडून देतं. याला कॉमेंट म्हणतात. अमुक हुकूम का दिला, कोणता आकडा कुठून आला, हे पुढच्या माणसाला कळावं म्हणून ती लिहायची. बहुतेक जण कंटाळा करतात. मीही करायचो. सलीमभाई मात्र मराठीत, अगदी बोलल्यासारखं लिहायचे. "इथं दोन सेकंद थांबा, काटा हलते."

या कॉमेंटची किंमत मला आर्णीच्या एका जिनिंगवाल्या शेठनी शिकवली. ते म्हणाले, मी पैसे देऊन जी वस्तू घेतो ती मला दिसली पाहिजे. हा प्रोग्रॅम कुठे आहे ते दाखवा. मी पडदा दाखवला. त्यांचं समाधान होईना. शेवटी आम्ही सगळा प्रोग्रॅम कागदावर छापून, बायंडिंग करून त्यांच्या हातात ठेवला. मला वाटलं, आता तो देवघरात जाईल. आठ दिवसांनी शेठचा फोन आला. त्यांनी सगळ्या कॉमेंट वाचल्या होत्या, फक्त कॉमेंट. एका ठिकाणी लिहिलं होतं की गाडी काट्यावर चढली की पाच सेकंदांनी वजन धरावं. शेठनी विचारलं, "बैल पाच सेकंदांत उभे राह्यतात काय?"

बरोबर होतं. ट्रॅक्टर उभा राहतो, बैलगाडी हलत राहते. दोन खोल्यांत बसून आम्हाला ते सुचलं नव्हतं. सलीमभाईंनी त्याच दिवशी प्रोग्रॅम बदलला आणि तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला छापील प्रत द्यायची असा आमचा नियम झाला. त्याचा आम्हाला अभिमान होता. जिल्ह्यात दुसरं कोणी असं करत नव्हतं.

छापायचं म्हटल्यावर नीटनेटकेपणा आला. सलीमभाई वाक्य जिथं थांबतं तिथं ओळ तोडायचे. एक ओळ लांब, पुढची तीन शब्दांची. वाचायला ते सोपं होतं, पण कागदावर ओबडधोबड दिसायचं आणि मला ते खटकायचं. त्यामुळे छापायच्या आधी सगळ्या कॉमेंट सारख्या रुंदीच्या करण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं. काम कसलं, प्रोग्रॅम ज्यात टाइप करतो त्या एडिटरमध्ये त्यासाठी एक बटण होतं. कॉमेंटवर जाऊन बटण दाबलं की ओळी मुकाट्यानं आखल्यासारख्या बसायच्या.

हा एडिटर फायलीच्या नावावरून ओळखतो की ती कोणत्या भाषेतली आहे आणि त्याप्रमाणे आपली वागणूक बदलतो. या वागणुकीला मोड म्हणतात. एकेका भाषेचा मोड एकेका वेगळ्या माणसानं लिहिलेला. त्यामुळे बटण तेच, पण प्रत्येक मोड त्याचा आपापला अर्थ लावतो. बेकरीत पाव मागितला तर पाव मिळतो आणि किराणा दुकानात पाव म्हटलं तर पावशेर साखर. दोघांचंही चुकत नाही. आमच्या नेहमीच्या भाषेच्या मोडमध्ये ते बटण फक्त कॉमेंटच्या ओळी आखायचं आणि खालच्या हुकमाला हात लावायचं नाही. सगळीकडे तसंच असणार, असं मी धरून चाललो होतो.

मारेगावच्या जिनिंगचं काम आगीचं होतं. जिनिंगमध्ये कापूस मोठ्या पंख्याच्या हवेनं पाइपातून पुढे जातो. त्यासोबत खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला आणि पंख्याच्या पात्यावर आपटला, तर ठिणगी पडते. ती कापसात बसली की धुमसत पुढे जाते. आम्ही पाइपात ठिणगी ओळखणारा डोळा बसवला. ठिणगी दिसली की दोन गोष्टी व्हायच्या: घंटा वाजायची आणि पंखा बंद व्हायचा. मग तिथल्या कामगारांनी पुढे कापूस ज्या पेटीत पडतो तिचं दार उघडून धुमसणारा कापूस बाहेर ओढायचा. दार उघडण्याआधी पंखा बंद झालेला असणं महत्त्वाचं, कारण पंख्याच्या हवेनं जाळ सरळ दारातून बाहेर येतो. सलीमभाईंनी चार दिवस तिथं राहून हे बसवलं. काडी पेटवून दाखवली, घंटा वाजली, पंखा थांबला. त्यांनी तिथं काम करणाऱ्या बायांना दहा वेळा समजावलं की घंटा वाजली म्हणजे पंखा बंद झालाच, मग न भिता दार उघडा.

यात एक नवीन सर्किट बोर्ड होता आणि त्याच्या भाषेची फाइल वेगळ्या नावाची होती. तिचा मोडही वेगळा, कुणीतरी हौसेनं केलेला. सलीमभाई चाचणी करून परत आले. मी ती फाइल छापायला घेतली, वरपासून खालपर्यंत चाळीसेक कॉमेंट होत्या, एकेक करून बटण दाबत गेलो आणि प्रत छापली. दुसऱ्या दिवशी मीच मारेगावला गेलो, छापील प्रत मालकांना दिली, आणि बोर्डातला प्रोग्रॅम व छापील प्रत एकच असावी म्हणून ती सरळ केलेली फाइल बोर्डात भरली. पुन्हा काडी पेटवून पाहिली नाही. ओळी फक्त आखल्या होत्या, त्यात तपासायचं काय?

तीन आठवड्यांनी, भर हंगामात, दुपारी ठिणगी पडली. घंटा वाजली. कौसल्याबाई नावाच्या बाई पेटीजवळ होत्या. शिकवल्याप्रमाणे त्या न भिता पुढे गेल्या आणि त्यांनी दार उघडलं. पंखा चालूच होता. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

मी आणि सलीमभाई संध्याकाळी पोचलो, तेव्हा त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात हलवलं होतं. मालक ऑफिसात बसले होते. मी बोर्डातला प्रोग्रॅम लॅपटॉपवर उघडला आणि पाच मिनिटांत कारण सापडलं. पंखा बंद करणारा हुकूम कॉमेंटच्या शेवटच्या ओळीला जोडून बसला होता, दोन तिरप्या रेघांच्या मागे. यंत्रानं तो कधी वाचलाच नव्हता.

आमच्या धंद्यात चाचणी करताना एखादा हुकूम तात्पुरता बंद ठेवायचा असला, तर त्याला असंच कॉमेंटमध्ये टाकतात. मग काम झाल्यावर तो उघडायला विसरण्याची चूक सगळ्यांच्या हातून होते. मी सलीमभाईंकडे वळलो आणि विचारलं की हा हुकूम बंद ठेवला होता का.

ते पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "थे ओळ म्या बंद नाही केली, सर. जुनी कॉपी हापिसात हाये. दोन्ही बाजूबाजूनं ठेवून पाहा एकडाव."

मी म्हणालो, "पाहायची गरज नाही. समोर दिसतंय."

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मालक समोर होते, त्यांना उत्तर हवं होतं, हे खरं. पण त्याहून खरं हे की कारण सापडलं आणि ते माझ्याकडे आलं नाही, याचं मला बरं वाटलं होतं. जुनी फाइल उघडून ते बरं वाटणं मला मोडायचं नव्हतं. मी मालकांना लेखी दिलं की आमच्या तंत्रज्ञाच्या विसरभोळेपणामुळे हा प्रकार झाला. तंत्रज्ञ एकच होते. जिनिंगमधल्या प्रत्येकाला त्यांचं नाव माहीत होतं.

सलीमभाईंनी वाद घातला नाही. महिना संपेपर्यंत काम केलं, हातातल्या सगळ्या फायली समजावून दिल्या आणि आर्णीला गेले. मी थांबा म्हणालो नाही. नंतर कोणी विचारलं तर मी सांगायचो की माणूस हुशार होता, फक्त थोडा निष्काळजी. मी फार वाईट बोलत नाही, याचंही मला कौतुक वाटायचं.

मागच्या वर्षी मी ऑफिस बंद केलं. जुन्या कॉम्प्युटरांतलं ठेवण्यासारखं काही असेल तर पाहावं म्हणून एकेक फोल्डर उघडत होतो. त्यात मारेगावची फाइल होती, सलीमभाईंनी चाचणीहून परत आल्यावर ठेवलेली. कॉमेंटच्या ओळी त्यांच्या पद्धतीच्या, लहानमोठ्या. शेवटची ओळ होती, "पंखा थांबल्याबिगर कोणाचा हात पेटीत जाऊ नये." आणि तिच्या खाली, वेगळ्या ओळीवर, पंखा बंद करणारा हुकूम. जिवंत.

मी खुर्चीत बसलो. कॉमेंटवर गेलो आणि सवयीचं बटण दाबलं.

ओळी आखल्यासारख्या सारख्या झाल्या. आणि खालचा हुकूम उचलला जाऊन शेवटच्या ओळीच्या टोकाला जाऊन बसला. काळी अक्षरं करडी झाली. या एडिटरमध्ये कॉमेंट करड्या दिसतात. त्या मोडला कॉमेंट कुठं संपते आणि हुकूम कुठं सुरू होतो हे कळतच नव्हतं. मधे मोकळी ओळ नसली, की तो सगळं एकाच परिच्छेदात ओढून घ्यायचा. बाकीच्या कॉमेंटखाली मोकळी ओळ होती, फक्त इथं नव्हती. बारा वर्षांपूर्वीही अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर करडी झाली असणार. मी तेव्हा पुढच्या कॉमेंटवर पोचलो असणार.

मी चार-पाच वेळा ते उलट-सुलट करून पाहिलं. दर वेळी तेच झालं. एडिटरला दोष द्यावा म्हणून मी तो सांभाळणाऱ्या मंडळींना लिहिलंही. त्यांचं सभ्य उत्तर आलं: मोड वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले आहेत, वागणुकीत फरक आहे हे आम्हाला ठाऊक आहे, बदल केल्यावर कृपया तपासून घ्यावं. त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आर्णीला गेलो. सलीमभाईंचं दुकान वडिलांच्याच जागी आहे. ते एका मोटारीत तार भरत होते. केस पांढरे झाले आहेत, चष्मा आला आहे. मला पाहून उठले, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मी लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर बटण दाबून दाखवलं. त्यांनी एकदाच पाहिलं.

"मले मालूम होतं सर," ते म्हणाले. "त्याच दिवशी. ओळी सारख्या होत्या ना. म्या तशा कधी लिहल्या नाही."

मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललात.

"बोललो होतो. पाहा म्हटलं होतं."

चहा आला. त्यांनी मला तो घ्यायला लावला. मग हळूहळू एकेक गोष्ट कळत गेली, ती त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितली नाही. त्यांची मोठी बहीण मारेगावलाच दिलेली. गावात सगळे म्हणायचे की बाईचे हात जाळले तो हिचाच भाऊ. बहिणीला बाजारात ऐकावं लागायचं. म्हणून त्यांनी जाणं कमी केलं, मग बंद केलं. भाचीच्या लग्नालाही ते गेले नाहीत. लग्नघरी लोकांनी त्या गोष्टी काढू नयेत म्हणून. प्रोग्रॅम त्यानंतर त्यांनी लिहिला नाही.

मी माफी मागितली. ते तारेचं वेटोळं हातात घेऊन बसले होते. म्हणाले, "मले सांगून काय होते सर? मले तं मालूमच होतं. मारेगावले जाऊन सांगा."

मारेगावला जायला मी आणखी सोळा दिवस लावले, हेही लिहून ठेवतो. जिनिंगच्या मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. नुकसानीचं तेव्हाच मिटलं होतं, म्हणाले, आता कायले उकरता. मी म्हटलं, मला कामगारांना सांगायचं आहे. त्यांनी जेवणाच्या सुटीत पंधरा-वीस जणांना बोलावलं. निम्मे नवीन होते, त्यांना मी कशाबद्दल बोलतोय ते कळलं नाही. जुन्यांपैकी एकानं विचारलं, "म्हणजे सलीमभाऊनं नाही केलं?" मी म्हणालो, नाही, मी केलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि डबे उघडले.

कौसल्याबाई आता कामाला जात नाहीत. त्यांच्या सुनेनं मला ओट्यावर खाट टाकून दिली. बाई समोर येऊन बसल्या. हातांवरची कातडी ताणलेली, गुळगुळीत, उजव्या हाताची दोन बोटं पुरती वळत नाहीत. मी सगळं सांगितलं, बटण, ओळी, पंखा. प्रोग्रॅमचं किती कळलं माहीत नाही, पण दोष कोणाचा ते पहिल्या वाक्यात कळलं. त्यांनी मधे अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "थो सलीमभाऊ दवाखान्यात आलता. चार डाव आलता. माह्या पायाशी बसून रडला, माफ कर म्हणे बाई, म्याच तुले दार उघडाले शिकवलं." मग त्यांनी विचारलं, "तुमी काहून नाही आलते?"

त्या दवाखान्यापासून माझं ऑफिस दहा मिनिटांवर होतं. मी सांगितलं की मला वाटलं, चूक माझी नाही. त्या म्हणाल्या, "त्याची बी नव्हती नं."

आवाज चढलेला नव्हता. सुनेला त्यांनी पाणी आणायला सांगितलं. मग मला म्हणाल्या की त्याचा नंबर असेल तर लावून द्या. मी फोन लावला आणि त्यांच्या कानाशी धरला, कारण त्यांना तो नीट धरता येत नव्हता. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. त्यांनी आधी तब्येत विचारली, मुलाबाळांचं विचारलं. मग म्हणाल्या, "भाऊ, बहिणीच्या घरी येत जा आता. कोणी काही म्हटलं तं माह्यं नाव सांग." नंतर बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. मी फोन धरून उभा होतो.

पुढे दोनेक महिने सलीमभाईंचा मला फोन आला नाही, आणि मीही केला नाही. होळीच्या सुमारास कौसल्याबाईंच्या सुनेनं फोन लावून दिला. बाईंनी सांगितलं की सलीमभाऊ येऊन गेला. बहिणीकडे दोन दिवस राहिला, भाचीच्या पोराला घेऊन त्यांच्या ओट्यावर येऊन बसला. जिनिंगमध्येही गेला होता, पंख्याची मोटार आवाज करते म्हणाला, बेअरिंग बदला म्हणून सांगून आला. जेवून गेला.

मी विचारू नये ते विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का.

बाईंनी आठवून पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव निंगालंच नाही."